शिकागो ते न्यूयॉर्क, शिडाच्या नौकेने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर अमेरिकेच्या पाच मोठ्या सरोवरांपैकी चार सरोवरं, त्यांना जोडणाऱ्या नद्या, तीन कालवे आणि शेवटी हडसन नदी असा हा बहुतेक गोड्या पाण्याचा प्रवास आहे. शिकागो, डेट्रॉइट, टोरांटो या भागांत राहणाऱ्या आणि २७ ते ३८ फुटी शीडनौका असलेल्या, किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. सुरुवातीचे बहुतेक प्रश्न वाऱ्याबद्दल असतात. या प्रवासाचं वेळापत्रक, खर्च आणि मार्ग मात्र डोलकाठीची उंची ठरवते, म्हणून तिला इथे सर्वांत जास्त जागा दिली आहे.

मार्ग नेमका कसा जातो? अंतर किती?

शिकागोहून मिशिगन सरोवरातून उत्तरेला मॅकिनॉच्या सामुद्रधुनीपर्यंत जायचं. तिथून वळून ह्यूरन सरोवराने दक्षिणेला पोर्ट ह्यूरन गाठायचं. मग सेंट क्लेअर नदी, त्याच नावाचं छोटं सरोवर, डेट्रॉइट नदी आणि ईरी सरोवर. ईरीच्या पूर्व टोकाशी पोर्ट कोलबर्नला वेलंड कालव्यात शिरून नायगाराला वळसा घालायचा आणि ओंटारिओ सरोवरात उतरायचं. ऑस्वीगो बंदरातून ऑस्वीगो कालवा, थ्री रिव्हर्सच्या संगमापासून ईरी कालवा, ओनायडा सरोवर, मोहॉक नदी, वॉटरफर्ड, आणि ट्रॉयचं लॉक (नौका वर-खाली नेणारा दारांचा हौद) ओलांडलं की भरती-ओहोटीची हडसन.

एकूण अंतर साधारण १,२०० नाविक मैल आहे. यात एक सापळा आहे. सरोवरांच्या अमेरिकी नकाशांवर आणि कालव्यांवर मैल म्हणजे जमिनीवरचा मैल, १.६ किलोमीटरचा. जीपीएसवर मात्र बहुतेकांनी १.८५ किलोमीटरचा नाविक मैल लावलेला असतो. शिकागो–मॅकिनॉ शर्यत ‘३३३ मैलांची’ म्हणून ओळखली जाते, ते २८९ नाविक मैल होतात. डिझेलचा आणि वेळेचा हिशोब करण्याआधी दोन्हीकडे एकच माप लावून घ्या.

किती दिवस लागतात आणि कधी निघावं?

दिवसाला सरासरी ४० नाविक मैल धरले तर ३० दिवस चालण्याचे होतात. त्यावर हवामानासाठी दर तीन दिवसांमागे एक दिवस बंदरात थांबण्याचा धरा. म्हणजे सहा आठवडे. सुट्टी चारच आठवड्यांची असेल तर डेट्रॉइट किंवा टोरांटोहून निघा. टोरांटो ते ऑस्वीगो हे अंतर १२५ नाविक मैलांच्या आसपासच आहे.

न्यूयॉर्क राज्याचे कालवे साधारणपणे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडे असतात. हिवाळ्यात मोहॉकवरचे हलते बंधारे वर उचलून ठेवतात आणि वसंतातला पूर ओसरल्यावर खाली सोडतात, त्यामुळे उघडण्याची तारीख पुढे जाऊ शकते. मे-जूनमध्ये मिशिगन आणि ह्यूरनचं पाणी अजून बर्फगार असतं आणि धुकं दाट पडतं. शिकागोहून जुलैच्या मध्यात निघणं सर्वांत सुखाचं. सप्टेंबरपासून जोराचे वारे वाढत जातात, आणि नोव्हेंबर हा सरोवरांवरचा सर्वांत वाईट महिना. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे अवाढव्य मालवाहू जहाज सुपीरियर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ रोजी २९ माणसांसह बुडालं, ते अशाच वादळात.

डोलकाठी उतरवावीच लागते का?

हो. ऑस्वीगोमार्गे गेलात तर थ्री रिव्हर्स ते वॉटरफर्ड या भागातले पक्के पूल पाण्यापासून २१ फुटांवर आहेत. ३० फुटी नौकेची डोलकाठी पाण्यापासून ४० फुटांच्या वर जाते, त्यामुळे ती उभी ठेवून जायचा प्रश्नच येत नाही. बफेलोजवळच्या टोनावांडाहून येणाऱ्या पश्चिमेच्या भागात पूल आणखी खाली, १५.५ फुटांवर आहेत.

वेलंड कालव्यात समुद्री जहाजं चालतात आणि तिथे ३५.५ मीटरपर्यंतची उंची चालते. म्हणून डोलकाठी ऑस्वीगोपर्यंत उभी ठेवायची, तिथे उतरवायची आणि हडसनवर ऑल्बनीच्या खाली पुन्हा चढवायची, हा क्रम सर्वांत कमी त्रासाचा. ती आडवी पडून राहते ते जेमतेम आठवडाभर.

डोलकाठी उतरवल्यावरही उंची मोजा. सौर पॅनेलची कमान, रडारचा खांब, मागचं छत यांतलं सर्वांत उंच काय आहे ते टेपने पाण्यापर्यंत मोजा, अंदाजावर सोडू नका. पावसानंतर कालव्याची पातळी चढते आणि पुलाखालची जागा तेवढीच कमी होते, म्हणून एक फूट हातचा राखा.

उतरवण्याची तयारी कशी करायची?

क्रेन येण्याच्या आदल्या दिवशी. क्रेनचं काम अर्ध्या तासाचं असतं आणि आधीची तयारी पाच-सहा तासांची. ती क्रेनखाली उभं राहून केली तर चुका होतात.

आधी शिडं उतरवून घडी घाला, बूम (शिडाखालची आडवी काठी) काढा. मग डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचे टर्नबकल, म्हणजे ताण कमी-जास्त करायचे स्क्रू, घ्या. प्रत्येक टर्नबकलचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजून लिहा, त्या जागी रंगीत चिकटपट्टी लावा आणि तार कोणती तेही लिहा: ‘डावी वरची’, ‘उजवी खालची पुढची’. हे दहा मिनिटांचं काम चुकवलं तर हडसनवरच्या कॅटस्किलला डोलकाठी चढवल्यावर ताण पुन्हा जुळवण्यात अख्खा दिवस जातो. टर्नबकल फिरू नयेत म्हणून घातलेल्या कॉटर पिना सरळ करून काढा आणि जुन्या टाकून द्या. वाकवून सरळ केलेली पिन दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. टर्नबकल एकदा सैल करून पाहा. वर्षानुवर्षं न हललेले जाम झालेले असतात. ते आदल्या दिवशी कळलं तर तेल सोडून ठेवता येतं.

बुंध्याशी आलेल्या वायरी सोडवा: दिवे, व्हीएचएफची (नौकेवरच्या रेडिओची) अँटेना, वाऱ्याचं यंत्र. जोडणी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. डोलकाठी डेकवर टेकलेली असेल तर काम सोपं. ती डेकमधून खाली कीलपर्यंत, म्हणजे नौकेच्या तळाच्या कण्यापर्यंत, जात असेल तर डेकच्या भोकातल्या पाचरी काढाव्या लागतात आणि उचलताना एक माणूस आत बुंध्याशी हवाच, नाहीतर बुंधा फिरून आतली लाकडं फोडतो.

क्रेनचा पट्टा मधल्या आडव्या काठ्यांच्या, म्हणजे स्प्रेडरच्या, खाली बसला पाहिजे आणि डोलकाठीच्या तोलाच्या बिंदूपेक्षा वर. तो खाली राहिला तर वरचं टोक जड होऊन डोलकाठी हवेतच उलटते. पट्ट्याला एक दोरी बांधून ती बुंध्यापर्यंत आणा आणि खाली घट्ट बांधा, म्हणजे पट्टा वर सरकत नाही. सर्व तारा सैल करा, पण क्रेनने वजन घेईपर्यंत एकही पूर्ण सोडू नका. आडवी झाल्यावर स्प्रेडर आणि टोकावरचं वाऱ्याचं यंत्र काढून केबिनमध्ये ठेवा. ते यंत्र जागेवर ठेवलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ते लॉकच्या भिंतीवर घासून गमावलं आहे.

वारा १५ नॉटच्या (ताशी १५ नाविक मैलांच्या) वर असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला. धक्क्यावरची माणसंही बहुधा तेच सांगतील.

आडवी डोलकाठी कशावर ठेवायची?

लाकडी घोड्यांवर. सुतारकाम येत असेल तर घरूनच तयार करून न्या. तीन लागतात: पुढच्या कठड्याजवळ एक, डोलकाठीच्या मूळ जागेवर एक, मागे एक. दोन बाय चार इंचांचं लाकूड, इंग्रजी ‘X’सारखा आकार, जोडाला खिळ्यांऐवजी आरपार बोल्ट. वरच्या खाचेत जुन्या गालिच्याचा तुकडा लावा.

लोक उभ्या वजनाचा विचार करतात आणि इथेच चुकतात. घोडी मोडते ती आडव्या हिसक्याने. शेजारून मोटरबोट वेगात गेली की तिच्या लाटेने नौका एका मिनिटात आठ-दहा वेळा डावी-उजवीकडे झुलते आणि ७०-८० किलोची डोलकाठी प्रत्येक झोल्याला घोडीला ढकलते. म्हणून प्रत्येक घोडीला पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना तिरपे टेकू द्या, आणि डोलकाठी घोडीला बांधून न थांबता डेकवरच्या पक्क्या कड्यांनाही बांधा. ताण दिलेला पट्टा पहिल्या दिवशी दोन तासांनी सैल पडतोच. थांबून पुन्हा ओढा.

३० फुटी नौकेवर ३७-३८ फुटी डोलकाठी म्हणजे सात-आठ फूट बाहेर लोंबणार. जास्तीचा भाग मागे ठेवा आणि टोकाला लाल फडकं बांधा. पुढे ठेवला तर लॉकमध्ये शिरताना भिंतीला तोच आधी लागतो. डोक्याच्या उंचीला आलेल्या स्टीलच्या टोकांना पाइपाचा फोम गुंडाळा.

लॉक म्हणजे काय आणि आत गेल्यावर काय करायचं?

दोन्ही बाजूंना दारं असलेला काँक्रीटचा हौद. नौका आत घेऊन दार लावतात, झडपांतून पाणी भरतात किंवा सोडतात, आणि नौका वर चढते किंवा खाली उतरते. पंप लागत नाही, सगळं उताराच्या पाण्यावर चालतं. ऑस्वीगो ते हडसन या वाटेवर अशी ३० लॉक आहेत: ऑस्वीगो कालव्यावर ७, ईरी कालव्यावर २२ आणि ट्रॉयचं संघराज्य सरकारचं एक. क्रमांकांनी गोंधळू नका. ऑस्वीगोवर ओ-४ नावाचं लॉकच नाही, आणि ईरी कालव्याची गणती ई-२ पासून सुरू होते.

लॉकपासून अर्ध्या मैलावर आलात की व्हीएचएफच्या १३ क्रमांकाच्या वाहिनीवर नौकेचं नाव आणि दिशा सांगा. रेडिओ नसेल तर भोंग्याचे तीन लांब आवाज. लाल दिवा असेपर्यंत लांब थांबा, हिरवा झाला की अगदी हळू आत या. कोणत्या भिंतीला लागायचं ते चालक सांगतो, पण फेंडर, म्हणजे नौका घासू नये म्हणून टांगायच्या हवेच्या उशा, दोन्ही बाजूंना आधीच लावलेले हवेत, प्रत्येकी किमान चार. शंभर वर्षांचं काँक्रीट खरखरीत आहे. फेंडरच्या बाहेरून सहा फुटी फळी टांगली तर फेंडर फाटत नाहीत.

भिंतीवर वरून लोंबणारे दोर असतात, काही ठिकाणी खाचेतला उभा पाइप किंवा तार. एकाने पुढे, एकाने मागे दोर धरायचा. दोर कधीही बांधायचा नाही. क्लीटला, म्हणजे डेकवरच्या दोर अडकवायच्या हुकाला, एक वळसा घालून टोक हातात ठेवायचं. उतरताना दोर बांधलेला असेल तर पाणी खाली जातं आणि नौका भिंतीला टांगली जाते. क्लीट उपटून येते, आणि ती ज्या वेगाने उडते त्याने माणूस जबर जखमी होऊ शकतो. एक धारदार सुरी हाताशी ठेवा. दोरांवर शेवाळ आणि चिखल असतो, तेव्हा रबरी तळव्यांचे हातमोजे घाला आणि जुने कपडे चढवा.

चढताना पाणी खालून उसळतं आणि नौकेचं पुढचं टोक भिंतीपासून लांब जायला पाहतं. पुढच्या माणसाने दोर सतत आवळत राहायचं. उतरणं शांत असतं. ऑस्वीगोहून आलात तर आधी रोमपर्यंत चढ आहे. तो भाग समुद्रसपाटीपासून ४२० फुटांवरचा, या टप्प्यातला माथा. तिथून हडसनपर्यंत सगळा उतार. म्हणजे अवघड लॉक सुरुवातीलाच, हात बसण्याआधी येतात. ऑस्वीगो गावातच ती लागोपाठ आहेत, म्हणून पहिल्या दिवशी तेवढंच ठेवा.

एकटे असाल तर मधल्या क्लीटवरून एकच दोर घेऊन नौका सांभाळता येते. लॉक मोठं असलं की तंत्र बदलत नाही, धीर तेवढा जास्त लागतो. लिटल फॉल्सचं ई-१७ एका दमात ४० फूट उतरवतं आणि त्याचं खालचं दार बाजूला न उघडता वर उचललं जातं. बाहेर पडताना त्यावरून पाणी ठिबकतं, आतली खिडकी लावून घ्या. वॉटरफर्डला ई-६ ते ई-२ ही पाच लॉक पाठोपाठ आहेत. दोन मैलांच्या आत १६९ फूट उतार. मध्ये थांबता येत नाही, तेव्हा जेवून आणि पाणी पिऊन शिरा. दीड-दोन तास धरा.

वेलंड कालवा वेगळा आहे का?

पुष्कळ. ४३ किलोमीटर, आठ लॉक, ईरी आणि ओंटारिओ यांच्या पातळीत जवळजवळ १०० मीटरचा फरक, आणि बरोबर २०० मीटरहून लांब मालवाहू जहाजं. खासगी नौका किमान ६ मीटर लांबीची हवी आणि तिच्यात इंजिन हवंच. ईरीकडून उतरताना किमान दोन माणसं आणि ओंटारिओकडून चढताना तीन लागतात. शुल्क आधी ऑनलाइन भरायचं. जहाजांना प्राधान्य असतं, त्यामुळे पहाटे हजर राहूनही दुपारी नंबर लागू शकतो. आत गेल्यावर आठ ते बारा तास लागतात आणि मध्येच रात्रीचा मुक्काम करता येत नाही. मोठ्या नौकेला पाण्यात दोन-तीन माणसं कमी पडतात असं वाटलं तर ओळखीचा अनुभवी माणूस त्या एका दिवसापुरता बोलवा.

भारतीय पासपोर्ट आणि एच-१बी असेल तर?

वेलंड कालवा पूर्णपणे कॅनडात आहे. तिथे धक्क्याला लागणं म्हणजे कॅनडात प्रवेश, आणि सीमा अधिकाऱ्यांना फोनवरून वर्दी द्यावी लागते. एच-१बीवर असलेल्या भारतीय नागरिकाला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आधी घ्यावा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पण २०२२ पासून ग्रीन कार्डाबरोबर चालू पासपोर्टही दाखवावा लागतो. परत येताना अमेरिकेच्या सीमा खात्याला वर्दी देणं कप्तानाची जबाबदारी आहे. मोबाइलवरून ती देता येते, तरी आय-९४ वर (तात्पुरत्या व्हिसाच्या प्रवेशनोंदीवर) असणाऱ्यांना प्रत्यक्ष हजर राहायला सांगितलं जाऊ शकतं. आई-वडील भारतातून आले असतील तर त्यांचाही कॅनडाचा व्हिसा वेगळा.

हे सगळं टाळायचा एक सरळ मार्ग आहे: कॅनडात पाऊलच ठेवायचं नाही. ईरी सरोवराचा दक्षिण किनारा धरा: सँडस्की, क्लीव्हलंड, ईरी शहर, डंकर्क, बफेलो. बफेलोला ब्लॅक रॉक कालव्यातून नायगारा नदीचा जोरदार प्रवाह चुकवत टोनावांडा गाठा आणि ईरी कालवा तिथूनच पकडा. वाटेत कॅनडाच्या पाण्यातून जाणं झालं तरी न थांबता, नांगर न टाकता आणि दुसऱ्या नौकेला न भेटता गेलात तर वर्दी लागत नाही. किंमत अशी की डोलकाठी बफेलोच्या आसपासच उतरवावी लागते, कालवा ३४० मैलांचा होतो आणि पूल १५.५ फुटांचे. लॉकपोर्ट ते फेअरपोर्ट या पट्ट्यात गावोगावी उचलपूल आहेत. प्रत्येकाला रेडिओवर सांगून थांबावं लागतं. गावं मात्र देखणी आहेत आणि कालवा थेट त्यांच्या मुख्य रस्त्याला लागून जातो.

सरोवरात लाटा असून असून किती असणार?

या प्रश्नामागचा समज धोकादायक आहे. मिशिगन सरोवराचं क्षेत्रफळ ५७,८०० चौरस किलोमीटर आहे, जवळजवळ पुणे विभागाचे पाचही जिल्हे मिळून होईल एवढं. मध्यावर चारही बाजूंना जमीन दिसत नाही. समुद्रातल्या लाटा उंच असल्या तरी लांब असतात. सरोवरातल्या लाटा आखूड आणि उभ्या, तीन-चार सेकंदांनी एक. नौका एक लाट चढून उतरते न उतरते तोच पुढची तोंडावर येते. वेग मरतो, आतल्या माणसांची हाडं खिळखिळी होतात.

ईरी सर्वांत लहरी. त्याची सरासरी खोली फक्त १९ मीटर आहे, त्यामुळे वारा सुटल्यावर तासा-दोन तासांत पाणी उसळतं. लांब वेळ पश्चिमेचा वारा वाहिला की सगळं पाणी बफेलोकडे लोटलं जातं आणि टोलेडोच्या बाजूची पातळी खाली जाते. मोठ्या वादळात दोन टोकांतला फरक दोन मीटरच्याही वर जातो. वारा पडला की पाणी परत हेलकावतं. पश्चिमेच्या उथळ बंदरात रात्री तरंगत असलेली नौका सकाळी चिखलात बसलेली सापडते ती यामुळे.

मिशिगन सरोवरात पूर्व किनाऱ्याने जा. तिथे लडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट, लीलँड, शार्लव्हॉय अशी आश्रयाची बंदरं थोड्या-थोड्या अंतरावर आहेत. पण वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे किनाऱ्याकडे ढकलणारा. बंदराच्या तोंडाशी दोन बांधांच्या मध्ये लाटा फुटत असतील तर शिरायचा मोह आवरा आणि खोल पाण्यात थांबा. २२ नॉटच्या वर वाऱ्याचा लहान नौकांसाठीचा इशारा असेल तर निघूच नका.

ओनायडा सरोवर तर छोटंच आहे ना?

लांबी फक्त २१ मैल, पण सरासरी खोली २२ फूट आणि दिशा पूर्व-पश्चिम, बरोबर वाऱ्याच्या रेषेत. इथे डोलकाठी आडवी असते, हे विसरू नका. घोड्या मोडण्याचे बरेचसे प्रकार याच सरोवरात घडतात. ब्रूअर्टनला थांबा आणि पहाटे सहाला, वारा उठण्याआधी पार करा.

इंजिनाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?

शिंगाड्याचा. उपवासाला ज्याचं पीठ आपण खातो त्याच वेलीचा. ती १८८४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्कोशियाजवळच्या एका तळ्यात शिरली आणि तिथून मोहॉक व हडसनमध्ये पसरली. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यावर इतका दाट गालिचा होतो की खालचं पाणी दिसत नाही. बोयांच्या मधला खोल मार्ग मोकळा असतो. धक्क्याकडे किंवा मुक्कामाच्या आडोशाला वळलात की वेल नौकेच्या पाण्याखालच्या पंख्याला गुंडाळते आणि पानं थंड पाणी ओढणाऱ्या तोंडात अडकतात. इंजिनाचं तापमान चढू लागलं किंवा मागच्या नळीतून पाणी कमी पडू लागलं तर लगेच बंद करा, झडप बंद करा, गाळणी उघडून साफ करा. कोरडा पडलेला पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) एका मिनिटात जळतो. दोन जास्तीचे जवळ ठेवा आणि ते बदलण्याचा सराव घरच्या धक्क्यावर करा. पाण्यात अनवाणी उतरू नका, त्याची काळी चारकाटेरी बी पायात रुतते.

पावसानंतर मोहॉकमध्ये ओंडके वाहत येतात. पुढे एक माणूस नजर ठेवायला बसवा. पूर मोठा असेल तर कालवाच बंद होतो. २०११ मध्ये आयरीन वादळानंतर मोहॉकवरच्या लॉकांचं मोठं नुकसान झालं आणि पूर्वेचा भाग कित्येक आठवडे बंद होता.

डिझेल ऑस्वीगोला पूर्ण भरा. तिथून वॉटरफर्ड साधारण १८५ मैल. ताशी साडेसहा मैलांनी २८-३० तास, आणि ताशी अडीच लिटर धरलं तर ७५ लिटर. लॉकांचे प्रत्येकी २५ मिनिटं धरून आणखी बारा-साडेबारा तास जोडा. दिवसाला सात-आठ तास चाललात तर सहा दिवस.

गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे अॅनोड (नौकेच्या धातूऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) लावलेले असतात, ते हडसनच्या खालच्या खाऱ्या भागात भराभर झिजतात. निघण्याआधीच अॅल्युमिनियमचे लावा, ते दोन्हीकडे चालतात.

पिण्याचं पाणी, स्वयंपाक, संडास?

सरोवराचं पाणी उकळून पिऊ नका, विशेषतः ईरीच्या पश्चिम भागात. उन्हाळ्यात तिथे हिरवं शेवाळ पसरतं. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच्या विषामुळे टोलेडो शहर आणि परिसरातल्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळल्याने ते विष जात नाही, उलट दाट होतं. बंदरात टाकी भरून घ्या.

स्वयंपाकाला प्रेशर कुकरसारखं भांडं नाही. झाकण पक्कं बसतं, नौका कलंडली तरी गरम आमटी अंगावर येत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर नौकेच्या तळाशी साचतो, म्हणून स्वयंपाक झाला की सिलिंडरवरची झडपच बंद करायची. भाजणी, मेतकूट, पोहे, मुगाची डाळ एवढं असलं तर आठवडाभर दुकान लागत नाही.

संडासाची टाकी पाण्यात सोडणं न्यूयॉर्कच्या कालव्यांत आणि हडसनमध्ये बेकायदेशीर आहे. टाकी बंदरातच रिकामी करा.

मुलांना, पोहता न येणाऱ्यांना नेता येईल का?

नेता येईल. न्यूयॉर्कमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना डेकवर लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, आणि लॉकमध्ये मोठ्यांनीही घालावं. सरोवरात जूनपर्यंत खरा धोका थंडीचा. १० अंशांच्या पाण्यात पडल्या क्षणी दम लागतो, श्वास आवरत नाही, आणि पट्टीचा पोहणाराही पहिल्या मिनिटातच पाणी पितो.

इंजिन चालवणाऱ्याकडे न्यूयॉर्कमध्ये आता, वय कितीही असो, नौका सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. अभ्यासक्रम ऑनलाइन होतो. स्वतःची नौका नसेल तर एवढ्या लांबच्या एकतर्फी प्रवासाला भाड्याने शीडनौका मिळणं फार कठीण आहे.

डोलकाठी उतरवायचीच नसेल तर?

ओंटारिओतून सेंट लॉरेन्स नदीने माँट्रियल, क्वेबेक, मग आखात आणि नोव्हा स्कोशियाला वळसा. माँट्रियलपर्यंत सात लॉक, उंचीची अडचण नाही. पण पाणी थंड, धुकं फार आणि महिना-दीड महिना जास्तीचा. शिकागोहून दक्षिणेला इलिनॉय नदीने मिसिसिपीकडे गेलात तरी सुटका नाही, तिथे १९.६ फुटांचा एक पक्का रेल्वेपूल आहे.

हडसनमध्ये डोलकाठी कुठे चढवायची आणि पुढे काय?

ट्रॉय आणि ऑल्बनीमध्ये अजून ठेंगणे पूल आहेत. ते मागे पडल्यावर कॅसलटन किंवा आणखी खाली कॅटस्किलला. तिथून न्यूयॉर्कपर्यंतचे पूल कोणत्याही सामान्य शीडनौकेला पुरेसे उंच आहेत.

समुद्रापासून दीडशे मैल आत असूनही इथे भरती-ओहोटी आहे. ऑल्बनीजवळ पाणी चार-पाच फूट चढतं-उतरतं. मोहिकन लोकांनी या नदीला दोन्हीकडे वाहणारी म्हणून नाव दिलं होतं. दक्षिणेला जाताना ओहोटी सुरू होताच निघा. भरतीची लाट समुद्राकडून वर सरकते आणि तुम्ही तिच्या दिशेने चाललेले असता, त्यामुळे सहा तासांची ओहोटी तुमच्या वाट्याला कमीच येते. दोन नॉटचा प्रवाह विरुद्ध असेल तर पाच नॉटची नौका जमिनीवर तीनच नॉट चालते. तेव्हा नांगर टाकून जेवून घ्या.

डोलकाठी चढवल्यावर लिहून ठेवलेल्या आट्यांपर्यंत टर्नबकल आवळा, नव्या कॉटर पिना घाला, पण त्यांवर लगेच चिकटपट्टी गुंडाळू नका. दहा-बारा नॉटच्या वाऱ्यात दोन्ही बाजूंनी तासभर शीड चालवा. वाऱ्याआडच्या बाजूच्या तारा लुळ्या लोंबत असतील तर थांबून दोन्ही बाजूंना सारखेच आटे आवळा, डोलकाठीच्या खाचेतून वर नजर टाकून ती सरळ आहे का पाहा, आणि मगच पट्टी लावा.